पायपेटी आणि चर्चमधील ऑर्गन : वादन, देखभाल व जीर्णोद्धार यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, सातारा, वाई आणि पाचगणी या पट्ट्यातील चर्चमध्ये, जुन्या नाटकमंडळ्यांच्या सामानात आणि काही वाड्यांच्या माळ्यांवर पायाने भाता मारून वाजवायचे ऑर्गन आजही सापडतात. त्यांपैकी पुष्कळ पेट्या बंद पडल्या म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्यावर फुलदाण्या, गीतपुस्तकांचे गठ्ठे किंवा लाउडस्पीकर रचलेले असतात. त्यांतील बहुतेकींच्या पितळी रीड्स, म्हणजे हवेने कंप पावून स्वर देणाऱ्या जिभा, शाबूत असतात. गेलेली असते ती हवा धरून ठेवण्याची ताकद, आणि ती परत आणता येते. पाळकसाहेब, मंडळीचे पंच, हार्मोनियमवादक आणि नाट्यसंस्थांचे कार्यकर्ते यांच्याकडून वेळोवेळी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

पायपेटी आणि पाइप ऑर्गन ही एकच वाद्ये आहेत का?

नाहीत. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक स्वरासाठी स्वतंत्र नळी असते आणि नळीतील हवेचा स्तंभ कंप पावून नाद निर्माण होतो. सर्वांत खालच्या षड्जाची उघडी नळी सुमारे आठ फूट लांब असते, त्यामुळे असे वाद्य इमारतीचाच भाग म्हणून बांधावे लागते. मुंबईचे सेंट थॉमस कॅथेड्रल किंवा कोलकात्याचे सेंट पॉल्स कॅथेड्रल अशा मोठ्या शहरांतील चर्चमध्ये पाइप ऑर्गन आहेत. आपल्या भागातील मंडळ्यांमध्ये ज्याला नुसते ‘ऑर्गन’ म्हटले जाते तो बहुधा रीड ऑर्गन, म्हणजेच पायपेटी असते. तिच्यात नळ्या नसतात. काही पेट्यांच्या माथ्यावर सोनेरी नळ्यांची ओळ दिसते, पण ती केवळ शोभेची असते.

दोहोंमधला एक फरक व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. नळीचा स्वर हवेच्या तापमानाबरोबर चढतो, एका अंश सेल्सिअसला सुमारे तीन सेंट इतका (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). रीडचा स्वर मात्र उन्हाळ्या-हिवाळ्यात जवळजवळ तसाच राहतो. रीड ऑर्गन वर्षानुवर्षे सुरात राहतो तो यामुळेच, आणि मिशनच्या लोकांना दूरच्या गावी तो न्यावासा वाटला त्याचेही हे एक कारण होते.

हे वाद्य सांगली-साताऱ्याकडे इतके कसे पसरले?

दोन वाटांनी. पहिली वाट मिशनची. सातारा-वाईकडे अमेरिकन मराठी मिशन आणि मिरज-सांगलीकडे प्रेस्बिटेरियन मिशन यांचे काम होते. मिरजेतील डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय याच दुसऱ्या मिशनचे. अमेरिकेत त्या काळी रीड ऑर्गन घरोघरी होते. व्हरमाँटमधील ब्रॅटलबरो या गावच्या एस्टी कंपनीने एकटीनेच पाच लाखांहून अधिक ऑर्गन बनवले. त्यामुळे आपल्याकडील चर्चमध्ये अमेरिकन बनावटीची पेटी दिसली तर नवल वाटण्याचे कारण नाही.

दुसरी वाट संगीत रंगभूमीची. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत नाटक उभे केले, पुढे हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी संगीत नाटक लिहिले, आणि पलूस तालुक्यातील नागठाण्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या बालगंधर्वांनी ते दूरवर नेले. नाट्यपदाला सलग, भरलेला स्वर हवा असतो, आणि गायक तान घेऊन परत येईपर्यंत षड्ज धरून ठेवणारी ही पेटी रंगमंचासमोर सारंगीच्याही आधी शोधली जाऊ लागली. चर्च आणि नाटकमंडळी यांच्यात एरवी फारसे येणे-जाणे नसतानाही दोघांच्या पेट्या आतून सारख्याच आहेत, ही गोष्ट मला या भागाविषयी फार मोलाची वाटते.

आमची पेटी हवा ओढणारी आहे की ढकलणारी, हे कसे ओळखावे?

मागील फळी काढा आणि कोणतीही पट्टी न दाबता हळूहळू पाय मारा. आतला मोठा भाता मिटत गेला तर पेटी ओढ्या हवेची, म्हणजे अमेरिकन पद्धतीची आहे. फुगत गेला तर ढकल्या हवेची, म्हणजे युरोपीय हार्मोनियमच्या पद्धतीची आहे. पॅरिसच्या अलेक्झांद्र द्बँ यांनी १८४२ मध्ये ज्या वाद्याचे पेटंट घेतले ते ढकल्या हवेचे होते आणि कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी घडवलेली आपली हातपेटीही त्याच घराण्यातली. दुरुस्तीपूर्वी हा निवाडा करणे आवश्यक आहे, कारण झडपांची दिशा, भात्यातील स्प्रिंगांचे काम आणि गळती शोधण्याची रीत या तिन्ही गोष्टी दोन प्रकारांत उलट असतात. पुढील उत्तरे मुख्यत्वे ओढ्या हवेच्या पेटीला धरून आहेत.

मला हार्मोनियम येते. ऑर्गन लगेच वाजवता येईल का?

बोटांना येईल, पायांना आणि डाव्या हाताला वेळ लागेल. हातपेटीवर डावा हात भात्यात अडकलेला असतो. पायपेटीवर तो मोकळा होतो, आणि पहिले काही आठवडे त्याचे काय करावे हेच कळत नाही. सुरुवातीला डाव्या हाताने केवळ षड्ज-पंचम धरून ठेवण्याचा सराव करावा आणि उजव्या हाताने ओळखीचे एखादे भजन वाजवावे. तालाचे भान डाव्या हातात नंतर येते.

पायांविषयी एकच नियम सांगता येईल आणि तो अवघड आहे: पायांनी गाण्याच्या लयीत चालता कामा नये. दोन्ही पाय आलटून पालटून, सावकाश आणि पूर्ण पल्ल्याने दाबावेत, एक पाय तळाला पोहोचण्याआधी दुसरा निघालेला असावा, आणि पदाची पहिली पट्टी दाबण्यापूर्वीच मुख्य भात्याने ओढ धरलेली असावी. नवखा वादक लयीबरोबर पाय मारतो. मग प्रत्येक समेला स्वर फुगतो आणि मधे बसतो, आणि ऐकणाऱ्याला पेटी धापा टाकते असे वाटते. टाच टेकवून पंजाने दाबल्यास पोटऱ्या लवकर भरून येतात. संपूर्ण तळवा पायटीवर ठेवावा आणि बैठक अशी उंच घ्यावी की मांड्या किंचित पुढे उतरत्या राहतील.

पट्टी जोरात दाबल्याने आवाज वाढत नाही. आवाज वाढवण्यासाठी पट्ट्यांखाली गुडघ्याजवळ दोन दांडे असतात. बहुतेक अमेरिकन पेट्यांत उजवा दांडा बाहेर ढकलला की आतील पडदे उघडून स्वर मोठा होतो आणि डावा दांडा रीड्सचे सर्व संच एकदम चालू करतो. हार्मोनियमवादक हे दांडे विसरून जातात, आणि मग त्यांचा ऑर्गन एकाच पातळीवर बोलत राहतो. दिवसाला दहा मिनिटे नुसता एक स्वर धरून उजव्या गुडघ्याने तो हळूहळू उमलवणे आणि मिटवणे, एवढाच सराव महिनाभर केला तरी वादन ओळखू न येण्याइतके सुधारते.

इतके स्टॉप असतात. त्यांतले कोणते ओढायचे?

स्टॉपच्या दहा-बारा खुंट्या दिसल्या तरी आत बहुधा रीड्सचे दोन किंवा तीनच संच असतात. ‘डायपेसन’ आणि ‘डल्सियाना’ या दोन खुंट्या अनेकदा एकाच संचाचा पडदा पूर्ण किंवा अर्धा उघडतात. खुंटीवर ८ हा आकडा असेल तर पट्टीचा जो स्वर तोच वाजतो, ४ असेल तर वरच्या सप्तकातला आणि १६ असेल तर खालच्या सप्तकातला. बहुतेक संच मध्यभागी दुभागलेले असतात, म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूची खुंटी वेगळी ओढावी लागते. ‘अर्धी पेटी वाजत नाही’ या तक्रारीचे कारण कित्येकदा एवढेच निघते.

साथीसाठी दोन्ही बाजूंचे ८ चे स्टॉप पुरेसे आहेत. ‘सेलेस्त’ हा किंचित वेगळ्या लावलेल्या रीड्समुळे लहरणारा स्वर देतो. तो एकट्याने वाजवण्यास सुंदर आहे, पण गायकाखाली तो कधीही लावू नये, कारण गायकाला टेकायला एक नक्की स्वर उरत नाही.

रविवारच्या उपासनेत मंडळीला साथ करताना काय सांभाळावे?

मंडळीचा श्वास सांभाळावा. कडवे संपले की हात पूर्ण उचलावेत, लोकांना श्वास घेऊ द्यावा आणि मगच पुढचे कडवे सुरू करावे. ऑर्गनचा स्वर आपोआप विरत नसल्याने न उचललेला हात पुढच्या ओळीवर सांडतो. खालच्या सप्तकात तीन-चार स्वर एकत्र दाबणे टाळावे. तिथल्या जाड रीड्स एकमेकींत मिसळून नुसता घोगरा गोंगाट होतो. बेसला एक स्वर ठेवून बाकीचे स्वर उजव्या हातात मोकळे पसरावेत.

मराठी उपासनेत दोन तऱ्हेची गीते शेजारी शेजारी नांदतात: पाश्चात्त्य चालीवरची, चार आवाजांत बांधलेली, आणि अभंग, ओवी, साकी यांच्या चालीवरची, ज्यांना रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या लेखणीने घर मिळवून दिले. टिळक अखेरच्या काळात साताऱ्यात राहत होते आणि भजनाची ही परंपरा तिथे रुजलेली आहे. पहिल्या प्रकाराला चार आवाजांची साथ हवी. दुसऱ्या प्रकाराला तीच साथ दिली तर चाल गुदमरते. तिथे षड्ज-पंचम धरून चालीबरोबर एकेरी बोटाने जाणे उत्तम.

नाट्यपदाला किंवा भजनाला साथ करताना गांधार बोचतो. पेटी बेसूर आहे का?

पेटी बेसूर नसून समान अंतरांवर लावलेली आहे. पाश्चात्त्य पट्टीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात आणि प्रत्येक भाग शंभर सेंटांचा धरतात. त्या हिशेबाने पट्टीवरचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटांवर येतो. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार मात्र ३८६ सेंटांच्या आसपास असतो. हा चौदा सेंटांचा चढ कसलेल्या कानाला लगेच जाणवतो. पंचमात हाच फरक फक्त दोन सेंटांचा आहे. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला दूर ठेवले त्यामागील आक्षेपांत समान अंतरांचा हा मुद्दा प्रमुख होता.

यावर उपाय वादनात आहे. गांधार, निषाद आणि धैवत यांवर रेंगाळू नये. गायकाबरोबर त्यांना स्पर्श करून निघून जावे आणि टिकवायचे स्वर म्हणून षड्ज, पंचम व मध्यम ठेवावेत. गायक गांधारावर थांबला की वादकाने गांधार सोडून खाली षड्जावर उभे राहावे. जुन्या नाट्यपदांची ध्वनिमुद्रणे लक्ष देऊन ऐकल्यास जाणते साथीदार हेच करताना ऐकू येतात. एका ठरावीक षड्जासाठी रीड्स घासून पेटी गांधाराला ‘शुद्ध’ करून घेण्याची सूचना काही जण करतात. काळी एकमध्ये गाणाऱ्यासाठी ती गोड होईल, पण पांढरी चारमध्ये गाणारा आला की तीच पेटी असह्य होते. चर्चची किंवा संस्थेची पेटी अनेकांची असते, त्यामुळे तिच्यावर हा प्रयोग करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या ऑर्गनचा स्वर तबल्याशी आणि कीबोर्डशी जुळत नाही. तो ४४० वर आणून घ्यावा का?

बहुतेक वेळा नाही. आज सर्वत्र मान्य असलेला ४४० हा आकडा (मधल्या ‘A’ या स्वराची सेकंदाला होणारी कंपने) १९३९ च्या लंडन परिषदेनंतर रुळला. त्यापूर्वी फ्रान्सने १८५९ मध्ये ठरवलेला ४३५, इंग्लंडमध्ये चालणारा सुमारे ४५२ असे अनेक स्वर वापरात होते. ४३५ ची पेटी आजच्या कीबोर्डपेक्षा सुमारे वीस सेंट उतरलेली असते. ४५२ ची पेटी जवळजवळ पाव स्वर चढलेली असते. संपूर्ण संच इतका हलवायचा तर प्रत्येक रीडवरून धातू खरवडावा लागतो आणि तो परत घालता येत नाही. पेटी स्वतःशी सुरात असेल तर तबला तिला मिळवून घ्यावा आणि कीबोर्डचा स्वर बटणाने हलवावा. शंभर वर्षे टिकलेल्या पितळाने आजच्या प्लास्टिकपुढे वाकण्याचे काही कारण नाही.

पेटी वाजते, पण दमछाक होते. दुरुस्ती कुठून सुरू करावी?

प्रथम छायाचित्रे काढावीत. प्रत्येक फळी, प्रत्येक स्क्रू आणि प्रत्येक दांडी काढण्याआधीची. नंतर सर्व स्टॉप बंद करून, पट्टी न दाबता भाता पूर्ण मिटेपर्यंत पाय मारावेत आणि पाय थांबवून भाता पुन्हा उघडण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. माझा ठोकताळा असा आहे की अर्ध्या मिनिटाहून अधिक तग धरणाऱ्या भात्याला हात लावू नये, आणि चार-पाच सेकंदांत उघडणाऱ्या भात्यावर ठिगळे लावण्यात वेळ दवडू नये.

अनेकदा दोष भात्यात नसतोच. वरचा भाग, म्हणजे पट्ट्या आणि रीड्सचे तबक, खालच्या फळीवर स्क्रूंनी आवळलेला असतो व मध्ये मऊ कातड्याची पट्टी असते. लाकूड सुकून हे स्क्रू ढिले होतात आणि सगळी हवा त्या फटीतून आत येते. ते क्रमाक्रमाने, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करत आवळले की पेटीला जीव आल्यासारखे वाटते. एवढे करूनही फरक पडला नाही तरच भाता उतरवावा.

भात्याचे कापड बदलण्याचे काम घरी करता येते का?

सुतारकामाची सवय असणाऱ्या आणि घाई नसणाऱ्या माणसाला येते. मोठ्या भात्याच्या आत जाड पोलादी स्प्रिंगा दाबून बसवलेल्या असतात. कापड कापताक्षणी त्या उसळून बोट मोडू शकतात, म्हणून आधी भाता दोरीने किंवा शिकंज्याने बांधून घ्यावा आणि मगच पाते लावावे. जुने कापड फाडून फेकू नये. ते शक्यतो अखंड सोडवून नव्या कापडाचा बेत त्यावरूनच आखावा, कारण घड्या कुठे आणि किती रुंद होत्या हे त्यावरच्या खुणा सांगतात. घड्यांच्या आत कडकपणासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांची जागा मोजून ठेवावी.

नवे कापड रबराचा पातळ थर असलेले, हवा न सोडणारे, पण मऊ असावे. जाड रेक्झिन लावलेला भाता काही महिन्यांतच घडीवर तडकतो आणि पायाला इतका जड लागतो की वादक कंटाळतो. चिकटवण्यासाठी गरम सरस वापरावा. सरस पातळ करून, भांडे गरम पाण्यात ठेवून, एका वेळी एकच बाजू लावत जावे: आधी बिजागरीची बाजू, मग समोरची, शेवटी दोन्ही कुशी. पायभात्यांच्या आत कातड्याच्या झडपा असतात; भाता बंद करण्यापूर्वी त्यांचे कातडे मऊ आहे का आणि त्या फळीवर सपाट बसतात का, हे पाहिलेच पाहिजे, कारण नंतर ते पाहण्यासाठी सगळे पुन्हा फाडावे लागते.

सरसाचा आग्रह जुन्या रीतीच्या प्रेमापोटी नाही. सरस कोमट पाण्याने सुटतो. पन्नास वर्षांनी जो कारागीर हा भाता उघडेल त्याला लाकूड न सोलता तो उघडता यावा. मिरजेजवळच्या एका मंडळीच्या पेटीत कोणीतरी भाता चपलांच्या कारखान्यात वापरतात त्या डिंकाने चिकटवला होता. तो सोडवताना फळीचा वरचा थर पापुद्र्यासारखा निघून आला, आणि कापड बदलण्याचे काम नवी फळी बसवण्याचे झाले.

रीड्स कशा साफ कराव्यात?

रीड, ज्याला कारागीर नुसता ‘सूर’ म्हणतात, म्हणजे पितळी चौकट आणि तिच्यावर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पितळी जीभ. अमेरिकन पेटीत प्रत्येक रीड लाकडी खोबणीत नुसती सरकवलेली असते. तिच्या टाचेला एक बारीक खाच असते. त्या खाचेत अडकेल असा आकडा पोलादी पट्टीपासून बनवून ती सरळ बाहेर ओढावी. पक्कड लावू नये. काढलेली रीड क्रमांक घातलेल्या फळीवर त्याच क्रमाने ठेवावी. दोन शेजारच्या रीड्स दिसायला अगदी सारख्या असतात आणि एकदा मिसळल्या की ओळखायला दिवस जातो.

मऊ ब्रशने, जिभेच्या मुळाकडून टोकाकडे, धूळ झाडावी. उलट दिशेने ब्रश फिरवला तर जीभ उचलली जाते. बहुतेक मुक्या रीड्स एवढ्यानेच बोलू लागतात, कारण जीभ आणि चौकट यांच्यामधल्या फटीत केसाएवढा कचरा अडकला तरी स्वर थांबतो. हिरवा कळंक चढलेला असेल तर रीड कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन लगेच कोरडी करावी. चिंच, लिंबू किंवा पितळेची पावडर यांनी ती चकचकीत करण्याचा मोह टाळावा. आम्लाने धातू खाल्ला जातो आणि स्वर बदलतो. तेल तर मुळीच लावू नये.

जिभेचे टोक किंचित वळलेले किंवा पिळलेले दिसले तर ते वाकडे झाले आहे असे समजून सरळ करू नका. तो बाक कारखान्यातच मुद्दाम दिलेला असतो आणि पेटीचा गोडवा त्यात असतो.

स्वर लावण्याचे तत्त्व सोपे आहे: टोकाजवळ धातू खरवडला की जीभ हलकी होऊन स्वर चढतो, मुळाजवळ खरवडला की ती लवचिक होऊन स्वर उतरतो. खरवडताना जिभेखाली पातळ पोलादी पत्रा सरकवून आधार द्यावा, आणि प्रत्येक वेळी रीड तिच्या खोबणीत परत बसवूनच स्वर तपासावा, कारण उघड्यावरचा आणि खोबणीतला स्वर किंचित वेगळा येतो. हे काम टाकाऊ रीडवर शिकावे. तुटलेल्या जिभेसाठी गुजरातमधील पालिताण्याच्या हार्मोनियम रीड्स उपयोगी पडतात का, असे विचारले जाते. त्यांची चौकट वेगळी असल्याने त्या सहसा खोबणीत बसत नाहीत, म्हणून मोडीत निघालेल्या दुसऱ्या अमेरिकन पेटीतील जुळणारी रीड मिळवणे श्रेयस्कर.

एक स्वर हात उचलला तरी वाजतच राहतो. काय करावे?

पट्टी वर येत नसेल तर लाकूड फुगले आहे. पट्टीच्या कडेला शिसपेन्सिलीची पूड लावावी आणि पाऊस सरेपर्यंत धीर धरावा, कारण ऑगस्टमध्ये तासलेली पट्टी मार्चमध्ये खिळखिळी होते. पट्टी वर येऊनही स्वर चालू असेल तर तिच्याखालची झडप नीट मिटत नाही. झडपेच्या कातड्यावर कचरा असतो, ते कडक झालेले असते किंवा तिची स्प्रिंग जागेवरून घसरलेली असते.

पावसाळ्यात, आणि एरवीही, पेटीची काळजी कशी घ्यावी?

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सांगलीला त्याच्या जेमतेम दशांश. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांतील पेट्यांचे आजार वेगळे आहेत. घाटमाथ्यावर ओल, बुरशी आणि सुटलेले सांधे. खाली सांगली-मिरजेकडे उन्हाळ्यात तडकलेल्या फळ्या. दोन्हीकडे पेटी बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, खिडकीच्या उन्हापासून बाजूला आणि जमिनीपासून लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवावी. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळू नये. सुती चादर पुरते.

बनात आणि कातडे यांना कसर लागते. डांबराच्या गोळ्या सुती पुरचुंडीत बांधून भात्याच्या कप्प्यात टांगाव्यात, मात्र पट्ट्यांवरील सेल्युलॉइडला त्या लागू देऊ नयेत. उंदरांसाठी पायट्यांच्या मागच्या उघड्या जागेवर बारीक जाळी ठोकावी. साताऱ्याकडच्या एका पेटीत रीड्सच्या तबकाखाली उंदरांचे घरटे निघाले. गीतपुस्तकाच्या पानांचे कपटे, लाल बनातीचे धागे आणि दिवाळीच्या कंदिलाचा चुरमुरा कागद त्यात एकत्र विणलेला होता. तरीही त्या पेटीच्या दोनच रीड्स मुक्या होत्या.

सर्वांत चांगली देखभाल म्हणजे आठवड्याला अर्धा तास वादन. हललेले कातडे मऊ राहते आणि रीड्सवर धूळ बसत नाही.

सांगलीत महापुराचा धोका असतो. पेटी कशी वाचवावी आणि भिजली तर काय करावे?

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको की नदीकाठच्या इमारतीत ४० फुटांचा इशारा मिळताच पेटी वर चढवली पाहिजे. चार माणसे नसतील तर संपूर्ण पेटी उचलण्याच्या खटपटीत पडू नका. वरचा भाग आवळणारे स्क्रू सोडवा आणि पट्ट्यांसह रीड्सचे तबक तेवढे माळ्यावर न्या. दोन माणसांना ते पेलते. कपाट आणि भाता पुन्हा करता येतात. रीड्स पुन्हा मिळत नाहीत.

पेटी भिजलीच तर ती वाजवून पाहू नये, कारण ओढ्या हवेबरोबर गाळ थेट रीड्समध्ये जातो. गाळ वाळण्याआधी रीड्स काढून स्वच्छ पाण्यात धुवाव्यात. वाळलेला गाळ खरवडताना जिभा मोडतात. लाकूड उन्हात ठेवू नये. सर्व फळ्या मोकळ्या करून, सावलीत, वाऱ्यावर, सपाट ठेवून कित्येक आठवडे वाळू द्यावे. सरसाचे सांधे सुटलेले असतील. त्याची खंत करू नये, ते पुन्हा जोडायचेच होते.

पाय मारण्याऐवजी विजेची मोटर बसवावी का?

वादकाचे गुडघे साथ देत नसतील तर जरूर बसवावी, पण पायट्या आणि पायभाते जागच्या जागी ठेवून. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची ओढ या पेटीला लागणाऱ्या ओढीच्या कितीतरी पट असते. ती थेट जोडली तर रीड्स ओरडतात आणि भात्याची शिवण उकलते. हवेचा दाब आवरणारी झडप मध्ये हवी, मोटर शेजारच्या खोलीत हवी, आणि तिच्यासाठी पाडलेले भोक पुढे बुजवता येईल अशा जागी हवे. पेटी पोखरून आत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड बसवण्याचे काम मात्र कृपया कोणीही करू नये. असे केलेल्या पेटीत परत आणण्यासारखे काही उरत नाही.

मिरजेतील कारागीर हे काम करतील का?

मिरजेचे कारागीर सतार आणि तंबोरे घडवतात, आणि त्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लाकडाची पारख, पॉलिश, तुटलेल्या नक्षीची जोड आणि कातडे-सरसाचे काम यांसाठी त्यांच्याइतके सक्षम हात जवळपास नाहीत. रीड्सचा स्वर लावणे ही मात्र पेटीवाल्यांची विद्या आहे. म्हणून काम दोघांत वाटून द्यावे: कपाट आणि भाता एकाकडे, तबक दुसऱ्याकडे. आणि काम सुरू असताना मंडळीतील एखाद्या तरुणाला किंवा मुलीला रोज तिथे बसवावे, म्हणजे पुढची किरकोळ दुरुस्ती गावातच होईल.

पाइप ऑर्गनची दुरुस्तीही अशीच करता येईल का?

बाहेरची साफसफाई वगळता नाही. पाइप ऑर्गनमध्ये हवेचा दाब साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका अचूक ठेवावा लागतो, पट्टीपासून नळीच्या झडपेपर्यंत लाकडी पट्ट्यांची किंवा कातडी फुग्यांची लांब साखळी असते, आणि कथिल-शिशाच्या नळ्या इतक्या मऊ असतात की निष्काळजीपणे धरल्या तरी चेपतात व त्यांचा स्वर बदलतो. चर्चला रंग देण्याचे काम निघाले की नळ्या उतरवून कोपऱ्यात रचल्या जातात, आणि वाद्याचे सर्वाधिक नुकसान तिथेच होते. नळ्या जागेवरच ठेवून संपूर्ण वाद्य सुती कापडाने झाकावे आणि धूळ पूर्ण बसल्यावरच ऑर्गनला हवा पुरवणारा पंखा सुरू करावा.

जुनी पायपेटी विकत घेताना काय पाहावे?

पॉलिश पाहू नये. मागील फळी उघडण्यास मालक तयार नसेल तर व्यवहार थांबवावा. आत टॉर्च मारून वाळवीची माती आहे का ते पाहावे. कसर परवडते, वाळवी परवडत नाही. रीड्सच्या सर्व खोबण्या भरलेल्या आहेत का ते मोजावे, कारण एक-दोन रीड्स काढून दुसऱ्या पेटीला घातलेल्या असणे नेहमीचे आहे. मग एकेका स्टॉपवर खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी दाबून मुके स्वर लिहून घ्यावेत. भाता पूर्ण फाटलेला असेल तर तो भाव कमी करून घेण्याचा मुद्दा आहे, पेटी नाकारण्याचा नाही. तबकाच्या लाकडालाच आरपार तडा गेला असेल तर मात्र ती पेटी केवळ रीड्ससाठी, सुट्या भागांच्या भावात घ्यावी.